कणगीतली बाटली

तिकोणा पेठेत धाकटी बहीण सुमन गुलाबांवर फवारायला निंबोळीचं तेल पाण्यात कालवत होती. त्या कडवट, उग्र वासानं मला आईची बाटली आठवली.

आईनं ती तांदळाच्या कणगीत लपवली होती. मी नऊ वर्षांची होते. शेळीच्या जखमेत किडे झाले, म्हणून मी सगळं तेल तिथं ओतलं आणि आईला मोठ्या ऐटीत सांगितलं. रिकामी बाटली घेऊन ती उंबऱ्यावर बसली. "जाऊ दे," ती म्हणाली, "शेळी तरी जगंल."

नर्स झाल्यावर कळलं, दिवस राहू नयेत म्हणून बायका या तेलात कापूस भिजवून वापरायच्या. मी ती बाटली रिकामी केली तेव्हा आम्ही पाच भावंडं होतो.

सुमन पुढच्या वर्षी झाली. आई अंथरुणाला खिळल्यावर तिला घास भरवला तो सुमननंच. मी सुमनच्या हातातली बादली घेतली आणि तेल कालवू लागले.