तिथं पाऊस किती?

दस्तगीर मास्तरांनी पहिल्याच भेटीत माझा खून केला. हत्यार म्हणाल तर फक्त तीन शब्द.

स्थळ पाटोद्याच्या नथू लोहाराची भट्टी. निजामाच्या राज्यात तहसीलदाराला खुर्ची होती, देशमुखाला गादी होती आणि मला नथूच्या भट्टीसमोरचा एक दगड होता. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं फाळ, खुरपी घेऊन यायची. लोखंड तापेपर्यंत त्यांना काहीतरी ऐकायला हवं असायचं, ते मी पुरवायचो. माझे थोरले चुलते कधीकाळी मुंबईहून गलबतात बसले होते. ते कुठे उतरले हे त्यांनाही नीट आठवत नसे, त्यामुळे सगळं जग मला मोकळं होतं.

त्या दिवशी मी अरबस्तानच्या राजकन्येची गोष्ट रंगवली होती. पिसाळलेला हत्ती तिला सोंडेत उचलतो आणि केळीच्या घनदाट बनात शिरतो! नथूचा भाता थांबला. ग्यानबा धनगर तंबाखू चघळायचा विसरला. एवढ्यात मागून काळ्या शेरवानीतला एक लांबुडका गृहस्थ पुढे झाला. शाळेच्या पेटीचं मोडकं कुलूप हातात धरून तो अगदी अदबीनं म्हणाला, "जनाब, तिथं पाऊस किती?"

"पाऊस? त्याचं काय?"

"अरबस्तानात वाळू आहे. पाऊस नाही तर केळ कुठून उगवणार? आणि केळ नाही तर हत्ती खाणार काय? राजकन्या?"

भट्टी हसली. राजकन्या सोंडेतच लटकत राहिली. ती अजून लटकतेच आहे.

शाळेत जुगराफिया, म्हणजे भूगोल शिकवायला आलेले हे नवे मास्तर. बोलणं अर्धं दखनी, अर्धं मराठी. चालता चालता कुठल्याही झाडाचं पान तोडायचं, उन्हात धरायचं आणि नाडी पाहावी तसं पाहायचं, ही त्यांची खोड. म्हणायचे, "पान म्हणजे झाडाचं तोंड. जिथं पाणी कमी, तिथं झाड तोंड मिटून बसतं. ही बाभूळ बघा, नखाएवढं पान. कंजूष नाही ती, शहाणी आहे." मग माझ्याकडे वळून, "आबा, तुम्ही मात्र मोठ्या पानाचे. पाटोद्याच्या पावसात टिकलात कसे?"

यावरही हसले सगळे. माझ्याच दगडासमोर!

एकदा तर त्यांनी मला आशेला लावून मारलं. ग्यानबानं विचारलं होतं, "मास्तर, कोकणात एवढं रान अन् आमच्या घाटावर नुसता माळ, आसं कावून?" मास्तर म्हणाले, "सब खेल आबोहवा का है." मला ऐकू आलं, 'सगळा खेळ आबांचा आहे'. बाकीच्यांनाही तेच ऐकू आलं. मी मान तिरपी करून, डोळे मिटून म्हणालो, "कसचं कसचं."

मास्तर गोंधळले. "आब म्हणजे पाणी, आबा. पाणी आणि हवा. पाऊस किती, ऊन किती, थंडी किती, यावर ठरतं कुठं काय उगवायचं ते."

"म्हंजी ह्यात आपले आबा न्हाईत?" नथूनं विचारलं.

"नाहीत."

त्या दिवसापासून गावानं माझं नाव आबाहवा ठेवलं. मी दिसलो की नथू ओरडायचा, "भाता थांबवा रे, आबाहवा आले! वारं आता फुकट मिळंल!"

आता खरं सांगतो, माणूस बोलायचा मोठा गोड. ते म्हणायचे, "जमिनीचे नकाशे दोन. एक सरकारचा, एक पावसाचा. आपला करोडगिरीचा नाका बघा. इकडे निजाम, तिकडे इंग्रज, बैलगाडीला जकात. पण कुसळी गवत कधी थांबलं का नाक्यावर? पलीकडेही तोच पाऊस, म्हणून पलीकडेही तेच गवत." मग त्या पावसाच्या नकाशावरून ते आम्हाला फिरवून आणायचे. बारा महिने पाऊस, तिथं सूर्य जमिनीला न दिसणारं रान. पाऊस जवळजवळ नाहीच, तिथं वाळू आणि काटा. आणि दोन्हींच्या मधे गवताचे मुलूख, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत.

"माळाला उजाड म्हणू नका," ते ग्यानबाला सांगायचे. "झाडं मेली म्हणून माळ झालेला नाही. ते गवताचं स्वतःचं राज्य आहे. आफ्रिकेत असाच मुलूख आहे, गवत आणि मधूनमधून बाभूळ. तुमची मेंढरं तिथं सुखानं चरतील. फक्त सिंह असतात."

"मंग नगं," ग्यानबा म्हणाला. "हितला लांडगाच बरा. वळखीचा हाय."

सगळं ठीक होतं हो, पण माझे श्रोते नासले! मी लंकेतल्या एखाद्या राक्षसाला वडाखाली बसवलं, की मागून प्रश्न यायचा, "आबा, तितं पाऊस किती?" राक्षसाला सोडून सगळे वडाच्या मागे लागायचे. घरीही तीच गत. आमची ही तुळशीला पाणी घालताना म्हणाली, "मास्तर म्हनत्यात, पान बघितलं की झाडाची तहान कळती." लग्नाला वीस वर्षं झाली होती, माझं एक वाक्य तिनं कधी असं तोंडात घोळवलं नव्हतं. मी त्या रात्री जेवलो नाही. तिनं विचारलंही नाही.

मग मी कट केला. शाळेसमोरून सहज जातोय असं दाखवून मास्तरांना एकेक गोष्ट विचारून घेतली. थंडी फार असेल तर काय उगवतं? झाड किती वाढतं? तिथं खातात काय? आणि पुढच्या बाजारी मी दगडावर चढलो.

गोष्ट बर्फाच्या मुलखातली. एक चोर सरदाराचं हरीण चोरून पळतो. पाठलाग सुरू होतो. चोर लपायला झाड शोधतो, पण त्या मुलखात झाड गुडघ्याच्या वर वाढत नाही! शेवाळं आणि खुरटी झुडपं, बस. दिवस मावळेल म्हणून तो वाट पाहतो, तर उन्हाळ्यात तिथं दिवसच मावळत नाही! शेवटी चोर उघड्यावर बसकण मारतो आणि रडतो, "देवा, एक बाभूळ तरी द्यायची होतीस!"

"आबा, तितं पाऊस किती?" नथूनं डाव टाकला.

"थोडा. अन् तोबी गोठलेला!"

सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तरांनी डोळे पुसले. रडून पुसले की हसून, कळलं नाही. म्हणाले, "दुरुस्त. बिलकुल बरोबर."

मी जिंकलो होतो! छाती फुगवून टाळ्यांची वाट पाहत होतो. तेवढ्यात ग्यानबा उठला आणि मास्तरांच्या पाया पडला. "वा मास्तर! आमच्या आबाला काय तयार केलंय तुमी!"

पुढे त्यांची बदली आदिलाबादेकडे झाली. सागाचं जंगल पाहायला मिळणार म्हणून स्वारी पोरासारखी खूश. निरोपाला भट्टीवर आले तेव्हा लोक म्हणाले, मास्तर, एक शेवटची गोष्ट सांगा. त्यांनी मला हाताला धरून माझ्या दगडावर बसवलं. "मला मुलूख येतात, माणसं येत नाहीत," ते म्हणाले. "मी रान उभं करतो, पण त्यातून कुणी चालत नाही. तो चोर आबांनी चालवला. गोष्ट आबांनाच मागा." आणि स्वतः खाली मातीत बसून ऐकू लागले. एवढं मोठं मन कुठल्या आबोहवेत उगवतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. त्या मनावरही मी जळलो.

काही वर्षांनी तिकडून आलेला एक कारकून गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवून घ्यायला भट्टीवर थांबला. त्यानं सांगितलं, दस्तगीर मास्तर जंगलच्या तापानं गेले. तिथंच रानाच्या कडेला पुरलं. नथूनं घण खाली ठेवला. आणि माझ्याच तोंडून, माझी परवानगी न घेता, शब्द बाहेर पडले, "तितं पाऊस किती?"

"लई," कारकून म्हणाला. "सागाचं एकेक पान ताटाएवढं. कबर पानांनी सदा झाकलेली आसती."

पाहिलंत? मेल्यावरसुद्धा मोठ्या पानाखाली जागा पटकावली. आम्हाला गाव नेणार ओढ्याकाठच्या मसणात, जिथं सावली धरायला बाभळीचं नखाएवढं पान. असो. त्या माणसावर मी इतकी वर्षं जळतो आहे की माझ्या वेळेला लाकडं कमी लागतील.