न लागलेल्या आगीचा दोष

त्या दुष्काळात आमच्या गावाला चारा छावणी मिळाली नाही ती माझ्यामुळं, असं मानणारी माणसं अजून गावात आहेत. आता कुणी तोंडावर बोलत नाही. तेव्हा बोलायचे.

गाव पाटोदा तालुक्यातलं, डोंगराच्या कडेचं, मुरमाड रानाचं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. माझ्या लहानपणी आई आणि आबाही जायचे, मी आजोळी राहायचे. पुढं तालुक्याचा दूध संघ बरा चालायला लागला, गावोगाव सोसायट्या निघाल्या, तेव्हा आबांनी गायी घेतल्या आणि तोडीला जाणं सोडलं. कुणाच्या अध्यात ना मध्यात, व्यवहाराला सरळ, म्हणून गावानं त्यांनाच सोसायटीचं सचिव केलं. सकाळ-संध्याकाळ ते दूध मापायचे, फॅट काढायचे, कॅन टेम्पोत चढवून द्यायचे. त्या दुधावर मी अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकले आणि तिथून विमान-दुरुस्तीच्या शिक्षणाला हैदराबादला गेले. विमानातल्या विजेच्या कामाचं लायसन्स मिळालं आणि काही वर्षांनी औरंगाबादच्या विमानतळावर नेमणूक झाली.

माझ्या कामाचं गावात सगळ्यांना अप्रूप होतं, पण ते काम नेमकं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लोकांना वाटायचं मी इंजिन उघडते. खरं तर माझा बहुतेक वेळ तारा बघण्यात जायचा. विमानाच्या भिंतींच्या आत, पायांखालच्या पत्र्याखाली, छताच्या वर तारांचे जुडगे पसरलेले असतात. प्रवाशाला ते कधी दिसत नाहीत. विमान थरथरतं, तशा त्याही थरथरतात. एखादा क्लॅम्प सैल झाला की जुडगा बाजूच्या पत्र्याला घासायला लागतो. घासून घासून वरचं आवरण जातं, आतली तार उघडी पडते आणि ठिणगी पडते. आजूबाजूला गालिच्यातून, पांघरुणांतून सुटलेल्या तंतूंचा बारीक केर साचलेला असतो. तो कापसासारखा पेटतो. जमिनीवर असं झालं तर माणसं दारातून बाहेर पळतील. वर कुठं पळतील?

म्हणून ठरावीक जागा ठरावीक काळानं उघडून बघायच्याच, असे सरकारी आदेश असतात. दोष सापडला तर तो काढल्याशिवाय विमान उडवायचं नाही, हेही त्यातच लिहिलेलं असतं. हैदराबादचे आमचे सर एकदा म्हणाले होते की हे नियम कुणाला खुर्चीत बसून सुचलेले नाहीत, एकेका नियमामागं कुठंतरी माणसं गेलेली आहेत.

माझी नोकरी लागली त्या वर्षी दूध संघाच्या सभेत चेअरमन साहेबांनी माझा सत्कार केला होता. साहेब म्हणजे तालुक्यातलं मोठं घराणं. बागायती रान, संघ, पतसंस्था, शाळा, सगळं त्यांच्याच हातात. शाल-नारळ देताना त्यांनी माईकवर सांगितलं की आपल्या तालुक्याची लेक इमानं दुरुस्त करती, हा सहकाराचा विजय आहे. आबा सभासदांत मागं बसले होते. ते रडत होते असं आईनं नंतर सांगितलं.

मग पाऊस गेला. सलग दोन वर्षं गेला. विहिरींचे तळ उघडे पडले, बोअरला धूळ लागायची. टँकर यायचा तेव्हा बाया भांडी घेऊन धावायच्या. माणसांना प्यायला जेमतेम पुरायचं, जनावरांनी काय करायचं? कडबा संपला होता. लोक शेवरीचा पाला ओरबाडून आणायचे. सोसायटीत येणारं दूध इतकं कमी झालं की टेम्पो रोज यायचा बंद झाला. सगळ्यांची आशा छावणीवर होती. साहेब दिल्लीला जाऊन केंद्राच्या दुष्काळी निधीतून छावण्या मंजूर करून आणणार आहेत, अशी बातमी गावात आली. त्या बातमीवर लोकांनी गायी ठेवल्या, बाजारात नेल्या नाहीत.

आणि साहेब दिल्लीला निघाले ते औरंगाबादहून, माझी ड्युटी असलेल्या दिवशी.

दुपारचं विमान होतं. ते उतरलं तेव्हा वैमानिकानं सांगितलं की मागच्या पॅन्ट्रीचा सर्किट ब्रेकर वाटेत उडाला. एकदा परत दाबला, तर पुन्हा उडाला, मग तसाच ठेवला. एका हवाई सुंदरीला मागं काहीतरी जळाल्यासारखा वास आला होता, पण नंतर गेला. मी आणि माझा जोडीदार मागं गेलो आणि पॅनल उघडलं. टॉर्च मारला. क्लॅम्प निसटून लोंबत होता. जुडगा एका धातूच्या पट्टीच्या धारेवर टेकला होता, दोन-तीन तारांचं आवरण गेलं होतं, पट्टीवर काळा डाग पडला होता. त्याच्या खालीच केर साचलेला. डागाच्या बाजूचा केर करपून पिवळा झाला होता.

स्टेशन मॅनेजर धावत आले. त्यांचं म्हणणं, पॅन्ट्रीचा पुरवठा बंद करा, प्रवाशांना चहा मिळणार नाही एवढंच, विमान तर जाऊ द्या. त्यांची चूक नव्हती. तशी सवलत काही दोषांना असते. पण ती जागा आदेशातली होती, आणि त्या जुडग्यात पॅन्ट्रीच्याच नव्हे तर दुसऱ्याही तारा होत्या. मी सांगितलं की मी सही करणार नाही. दुरुस्तीचं सामान मुंबईहून यायचं होतं. विमान रद्द झालं.

प्रवाशांना समजावायला मॅनेजरांनी मलाच हॉलमध्ये नेलं. तिथं साहेब संचालक मंडळींबरोबर उभे होते. त्यांनी मला ओळखलं. आधी त्यांचा चेहरा खुलला, आपलं माणूस भेटल्यासारखा. मला बाजूला घेऊन ते हळू आवाजात बोलायला लागले.

"पोरी, तू आपल्या तालुक्याची. गावाकडं काय चाललंय तुला ठाव हाय. जनावरं मरायलीत. आज आमी दिल्लीला न्हाई पोचलो तर छावण्यांचा इषय मागं पडन."

"साहेब, ते विमान आज उडण्यासारखं नाही."

"कावून? एका वायरीपायी?"

"हो. एका वायरीपायी."

ते म्हणाले, "येताना तर आलंच की उडत."

आलंच होतं उडत. कदाचित कित्येक दिवस तसंच उडत होतं. मी त्यांना करपलेल्या केराचं सांगायला लागले, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि मंडळींकडं वळून म्हणाले, चला, आपल्याच माणसानं वाट अडवली. संचालक हसले नाहीत. माझ्याकडं बघत बघत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमान दुरुस्त होऊन गेलं. मुंबईहून वरिष्ठांचा फोन आला, काम बरोबर केलं म्हणाले आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेले. महिन्याच्या बैठकीत मात्र हा उशीर टाळता आला असता का, यावर बरीच चर्चा झाली. लागली असती तर त्या आगीची जन्मभर चौकशी चालली असती. लागली नाही म्हणून तिचं कुणाला काही नव्हतं.

साहेब त्याच रात्री गाडीनं मुंबईला गेले आणि तिथून विमानानं दिल्लीला. मंत्र्यांना निवेदन देतानाचा त्यांचा फोटो पेपरात आला, आमच्या गावातही सगळ्यांनी पाहिला. तालुक्यात छावण्या मंजूर झाल्या. एक साहेबांच्या मेहुण्याच्या रानात सुरू झाली, बाकीच्या त्यांच्या माणसांच्या गावांत. आमच्या गावानं मागच्या निवडणुकीत त्यांना कमी मतं दिली होती. गावातले लोक विचारायला गेले तेव्हा साहेबांनी सांगितलं की तुमच्या गावाचं नाव यादीत होतं, पण आम्हाला पोचायला एक दिवस उशीर झाला आणि राहिलं. उशीर कुणामुळं झाला ते तुमचं तुमी बघा.

लोकांनी बघितलं. टँकरपाशी आई हंडा घेऊन उभी राहिली की बाया बाजूला सरायच्या. एकीनं विचारलं, तुमच्या लेकीला गावाचं बरं बघवंना का? आईनं मला हे फोनवर सांगितलं नाही, मी सुट्टीत गेले तेव्हा शेजारणीनं सांगितलं. फोटोची तारीख सगळ्यांना वाचता येत होती; भेट ठरल्या दिवशीच झाली होती. छावण्या कुणाच्या रानात आहेत हेही दिसत होतं. पण साहेबांवर राग धरणं कुणाला परवडणारं नव्हतं; दूध त्यांच्याच संघात घालायचं होतं, पोरं त्यांच्याच शाळेत होती. राग धरायला आमचं घर सोपं होतं.

त्या सुट्टीत एका दुपारी आबा गोठ्यापाशी बसले होते. गायींच्या बरगड्या मोजता येत होत्या. मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "मला एक खरं सांग बाई. ते इमान पेटलंच असतं का?"

"नक्की नाही सांगता येत, आबा. पेटलं नसतंही कदाचित."

"मग?"

"पेटलं असतं तर आतलं कुणी उरलं नसतं. साहेबसुद्धा."

आबांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं, हे मला दिसत होतं. पण पटून काय करायचं? ते म्हणाले, "मी लोकांला काय सांगू पण? जे झालंच न्हाई ते कसं दाखवू?"

मी कामावर परत गेल्यावर सोसायटीची सभा झाली. आबांना सचिवपदावरून काढलं. ठपका काहीच ठेवला नाही, नव्या माणसाला संधी द्यायची एवढंच सांगितलं. आबांनी वजनमाप आणि फॅटचं यंत्र पुसून नव्या माणसाच्या ताब्यात दिलं आणि घरी आले. साहेबांच्या मेहुण्याच्या छावणीत ते आमच्या गायी घेऊन गेले होते, पण दुसऱ्या गावची जनावरं घेत नाही म्हणून त्यांना फाट्यावरूनच परत पाठवलं. मग एका बाजाराला त्यांनी गायी विकल्या. कोणी घेतल्या हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मी त्यांना औरंगाबादला या म्हणून खूप विनवलं. आई तयार होती. आबा म्हणाले, लेकीच्या दारात बसून खायचं माझं वय झालं न्हाई. दिवाळीनंतर ते दोघं एका मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेले. इतक्या वर्षांनी, त्या वयात.

मी एकदा तिथं गेले होते. उसाच्या फडाच्या कडेला तोडणाऱ्यांच्या राहायच्या पाचटाच्या कोप्या होत्या. आई मोळ्या बांधत होती. आबा वाकून ऊस तोडत होते, आजूबाजूची पोरं त्यांच्या कितीतरी पुढं गेली होती. मला बघून ते सरळ झाले, पण कंबर धरून जरा वेळ तसेच उभे राहिले. हात पाचटानं कापलेले होते. मला म्हणाले, जेवून आलीस का? मी हो म्हणाले. तिथं बसून जेवण्याची माझी हिंमत नव्हती. परतताना बसमध्ये मला साहेबांचा राग आला नाही, गावाचाही आला नाही. त्या तारेचा आला. ती जरा आधी, दुसऱ्या कुठल्या विमानतळावर, दुसऱ्या कुणाला का सापडली नाही?

पुढं पाऊस झाला, संघ पुन्हा चालायला लागला, साहेब आमदार झाले. औरंगाबादहून ते बऱ्याचदा विमानानं जायचे. एकदा शिडीपाशी मी उभी असताना त्यांनी मला पाहिलं आणि सोबतच्या माणसांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय पोरी, आज तरी उडू देती का?" सगळे हसले. मी त्या विमानाच्या तारा सकाळीच बघितल्या होत्या आणि सही केली होती. मी म्हणाले, जाईल साहेब. ते वर चढले आणि निवांत झोप काढत दिल्लीला पोचले असतील.

गेल्या वर्षी लिंबागणेशला नात्यातलं लग्न होतं. आबा आता थकलेत, ऐकूही कमी येतं. मांडवात एका अनोळखी माणसानं त्यांना विचारलं, पाव्हणं, लेक काय करती? मी शेजारीच होते. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "औरंगाबादला एका कंपनीत हाय," म्हणाले. कसली कंपनी, असं त्या माणसानं विचारलं. आबांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी तसं दाखवलं नाही. पंगत बसत होती. मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि आम्ही जेवायला गेलो.