सोजरबाईचा तुंबा

आमच्या गावाला अक्कल नव्हती असं नाही. होती, पण ती घरात वापरायची आणि पारावर जाताना खुंटीला टांगून जायची, अशी इथली रीत. सोजरबाईचा अर्धा जन्म या रीतीवर चरफडण्यात गेला, आणि खरं सांगतो, माझाही त्याच वाटेनं चाललाय.

केनवडच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल, एवढ्या अंतरावर आमचं गाव. सोजरबाई तिथली एकटी राहणारी विधवा. थोडं कोरडवाहू वावर, काही कोंबड्या, आणि जीभ अशी, की पाटलाचं कुत्रंसुद्धा तिच्या दारावरून शेपूट घालून जाई. तिला मूलबाळ नव्हतं. पण उन्हाळ्याच्या दुपारी गावची पोरं तिच्याच छपरीत जमत, कारण बाकी सगळ्यांनी त्यांना आपापल्या घरातून हाकललेलं असे.

आधी ती पोटभर शिव्या घाली, मग परात काढी. वाटीच्या तळाशी चिंधी घट्ट कोंबायची, वाटी उपडी करून सरळ पाण्यात दाबायची. वाटी पार बुडे आणि चिंधी कोरडीच बाहेर येई. "रिकामी म्हनत होते ना रे? हवा हाये तिच्यात. ते जागा सोडत नाई, तं पानी शिरन कुठून?" मग गंजातल्या, म्हणजे खोल पातेल्यातल्या, पाण्यात ताजं अंडं सोडायची. ते तळाला बसे. ओंजळी-ओंजळीनं मीठ विरघळवत गेलं, की तेच अंडं डुलत वर येई. "अंडं हलकं नाई झालं, पानी जड झालं. भाजीत मात्र एवढं मीठ टाकू नका, नाईतं बायको पयून जाईन."

पोरांचा खरा जीव तुंब्यावर. वाळका भोपळा पोखरून केलेला. देठाशी एक भोक, बुडाशी चार-पाच बारीक. तुंबा पाण्यात बुडवून भरायचा, देठाच्या भोकावर अंगठा दाबून वर उचलायचा. एक थेंब गळत नसे. अंगठा उचलला, की खालून धारा. "खालची हवा पान्याले दाबून धरते, आन् वरून दुसरी हवा शिराले जागा नाई. उचल अंगठा, शिरू दे तिले." हे तिला तिच्या बापानं दाखवलेलं. गावातल्या एकूण एक माणसानं लहानपणी त्या तुंब्यानं दुसऱ्याचा सदरा भिजवला होता. दौलतराव पाटलानंही.

आता जगदेव भगत. शेती जमेना, बैल विकले, तेव्हा या गृहस्थानं कपाळाला शेंदूर फासला आणि देवीचा माणूस झाला. त्याच्याकडे अरुंद तोंडाचा तांब्याचा चंबू होता, बुडाला बारीक भोकं पाडलेला. चंबूवर आणि हातावर लाल फडकं. चोरीचा आळ असलेल्यापुढं तो भरलेला चंबू धरी. पाणी गळलं तर माणूस साव. देवीनं पाणी आखडून धरलं तर चोर. एवढंच भांडवल, आणि पंचक्रोशी त्याच्या पाया पडे.

वऱ्हाडावर इंग्रजाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. एका चैत्रात पाटलीणबाईंची गळ्यातली चांदीची सरी घरातून नाहीशी झाली. संशय धाकट्या सुनेवर, तुळसाबाईवर आला. ती गरिबाघरची होती. पुरावा म्हणाल तर तेवढाच. दौलतरावानं जगदेवाला बोलावलं आणि पारावर जाहीर केलं, "देवीनं चोर म्हटलं तं हे माहेरी जाईन, कायमची. पोरगं इथंच राहीन." ते पोरगं अजून अंगावर पीत होतं.

तुळसाबाई सकाळपासून उन्हात उभी, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. जगदेवानं आधी पाटलीणबाईपुढं चंबू धरला, पाणी गळलं. थोरल्या सुनेपुढं गळलं. तुळसाबाईपुढं थांबलं. झालं! मिशीवाले बाप्ये हात जोडून माना डोलवू लागले. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सोजरबाई अंड्यांची टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. गर्दी पाहून आत घुसली, तुळसाबाईकडे एकदा पाहिलं आणि जगदेवाच्या हातावरचं फडकं खेचलं. त्याचा अंगठा चंबूच्या तोंडावर गच्च बसलेला.

"देवी कोपन!" जगदेव ओरडला.

"कोपू दे. मी हाओ ना इथं." तिनं चंबू हिसकावला, बाजूच्या घंगाळात बुडवून भरला आणि दौलतरावासमोर धरला. "दौलत, सरी तू चोरली का?"

थेंब गळला नाही. गर्दीतून "आँ?" असा आवाज निघाला. पाटलाला खेटून बसलेले दोघे चक्क दूर सरकले. इतकी त्यांची श्रद्धा निर्मळ!

दौलतराव लालबुंद झाले. "अवो, अंगठा ठेवला तुमी वरून! हवा कोंडली! लहान पोरगं सांगन हे!"

"मंग सांग ना. सकायी काहून नाई सांगितलं?"

कोणीतरी फिदीफिदी हसलं आणि मग सगळेच हसले, जसं काही तमाशालाच जमले होते. जगदेव चंबू तिथंच टाकून सटकला. त्याला कोणी अडवलंसुद्धा नाही. "झालं गेलं," कारभारी मंडळी धोतर झटकत उठली. "चाल व माय, घरी चाल," पाटलीणबाई सुनेला म्हणाल्या.

तुळसाबाई हलली नाही. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. सांगायचं असेल ते दाराआडून, दुसऱ्याच्या तोंडून. लग्न झाल्यापासून दौलतरावानं तिचा आवाज ऐकला नव्हता. तिनं पदर मागं सारला आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"मामाजी, तुमाले ठावं होतं?"

दौलतराव पाराखाली आपला जोडा शोधू लागले.

"साऱ्या गावाले ठावं होतं. तरी माह्यं पोरगं तोडून घेत होते?"

सोजरबाईनं टोपली उचलून तिला वाट करून दिली. तुळसाबाईनं सासूच्या कडेवरून पोर उचललं, आपल्या कडेवर घेतलं आणि माहेरची वाट धरली. दौलतराव गावाच्या शिवेपर्यंत हाका मारत मागे गेले. पण पोर ठेवून जा म्हणायची हिंमत त्यांना झाली नाही.