डब्यावर नुसतं ‘सुनीता’

सुनीताकाकू गेल्या. पेपरात चार ओळी आल्या, त्यातल्या तीन त्यांच्या आईबद्दल.

चौथीत वय आणि ‘पश्चात पती’. झालं.

अहो, बाईने अर्धा जन्म गाणं केलं! त्याचं एक अक्षर नाही.

म्हणून मी लिहितेय. आणि मलाच लिहायला हवं, कारण ते गाणं थांबलं माझ्यामुळे.

१९९८. चिपळूणजवळच्या अलोऱ्याची वीजप्रकल्पाची कॉलनी. मी बारावीत. शेजारच्या क्वार्टरमध्ये नवे ज्युनिअर इंजिनिअर आले, त्यांची बायको सुनीताकाकू. मधे एकच भिंत.

पहाटे साडेपाचला रियाज सुरू. माझी आई कुकर लावायची थांबायची.

"होऊ दे गो त्यांचं. मधेच शिट्टी नको."

बाबांचा डबा रोज उशिरा. बाबा चिडायचे, पण तेही हळू आवाजात.

त्या वर्षी कॉलनीच्या गणपतीत गायनस्पर्धा होती. परीक्षक म्हणून चिपळूणहून एक संगीतशिक्षक आणलेले. काकूंचं गाणं झालं. गुरुजी माइकवर म्हणाले, "आवाज चांगला आहे. पण बाई, तुम्ही कॅसेट फार ऐकता." मग एका खूप मोठ्या गायिकेचं नाव घेऊन म्हणाले, "त्यांची नक्कल सोडा. स्वतःचं काही शोधा."

उत्तेजनार्थ बक्षीस. एक स्टीलचा डबा.

मला इतका राग आला! काकू मात्र घरी येताना ओढ्यावरच्या साकवाच्या कठड्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"अगं मनू, ती माझी आई आहे."

"काय? मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर पहिला नंबर आला असता."

मग तिथेच बसून सगळं बोलल्या. मुंबईत बारा वर्षं गायल्या होत्या. दर कार्यक्रमात ओळख करून देताना दहा मिनिटं आईवर. मग फर्माइशी, त्याही आईच्या गाण्यांच्या. एकदाच कॅसेट निघाली, तर कव्हरवर मोठा फोटो आईचा. शेवटी काकांची इकडे बदली निघाली तेव्हा सगळे म्हणाले रद्द करून घ्या, आणि काकूंनीच सामान बांधलं. कारण इथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

"आज पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या गाण्यावरून नापास केलं," त्या म्हणाल्या. "कुणाला बोलू नकोस हं. शप्पत?"

"शप्पत."

पुढच्या आठवड्यात त्या चिपळूणला जाऊन डब्यावर नाव घालून आल्या. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, नाहीतर घरधन्याचं. यांनी नुसतं ‘सुनीता’ घातलं.

आणि गुरुजींचा शब्द त्यांनी मनावर घेतला. भिंतीपलीकडचं गाणं बदलायला लागलं. आवाज साधा झाला. त्या स्वतः चाली बांधायला लागल्या. माझ्या आईला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण एकदा पीठ मळताना ती म्हणाली, "आता त्या आपल्याशी बोलल्यासारख्या गातात, नाय गो?"

पुढच्या वर्षी तिसरा नंबर. त्याच्या पुढच्या वर्षी पहिला. मग कुठे चिपळूणला हळदीकुंकवात, कुठे लोट्याला कंपनीच्या कॉलनीत, अशी बोलावणी यायला लागली. छोटीच. पण काकूंची.

२००२ च्या गणपतीत मंडळाने त्यांना पूर्ण कार्यक्रम दिला. दोन तास, सगळ्या स्वतःच्या चाली.

तोवर प्रकल्पाचं काम सरत आलं होतं. निम्म्या क्वार्टर्सना कुलपं. मला वाटलं, कोण येणार? हॉल रिकामा दिसेल, काकूंना वाईट वाटेल.

मी दीडशहाणी. गेले आणि सेक्रेटरींना सांगितलं, त्या कुणाची मुलगी आहेत ते.

संध्याकाळपर्यंत बॅनर तयार. काकूंच्या आईंचं नाव हातभर. खाली ‘यांची कन्या’. त्याच्या खाली काकू.

लोक जीप करून करून आले. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मी मेली खुशीत!

काकू आल्या. बॅनरखाली थांबल्या. वर बघितलं, पदर सारखा केला आणि स्टेजवर गेल्या.

स्वतःची दोन गाणी म्हटली. मग चिठ्ठ्या यायला लागल्या. आईंचं हे म्हणा, आईंचं ते म्हणा. त्यांनी सगळी म्हटली. अशी म्हटली की लोक रडले. मीसुद्धा रडले, गाढव.

परत येताना त्याच साकवावर त्या थांबल्या. बसल्या नाहीत.

"मनू, तू सांगितलंस?"

"काकू, नाहीतर कोण आलं असतं हो? पंधरा माणसं."

"मला पंधरा पुरे होती गं."

एवढंच. आवाजही चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडे शांत. तिसऱ्या दिवशीही. त्या पुन्हा गायल्या नाहीत. आई कितीतरी दिवस कुकर भरून गॅसपाशी उभी राहायची. मग गॅस पेटवायची. मी अंथरुणात डोळे मिटून पडलेली असायचे.

काकांची रत्नागिरीला बदली झाली. मी दर दिवाळीला फोन करायचे. तब्येत, पाऊस, आंबा. गाण्याचा विषय दोघींनीही काढला नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माफी मागता आली असती.

परवा भेटायला गेले. काका एकटेच. चहा मी टाकते म्हटलं, तर त्यांनी फळीवरून पावडरीचा डबा काढून दिला.

तोच. झाकण चेपलेलं. वरचं नाव घासून घासून पुसट झालंय, पण बोटाला लागतं.

काका म्हणाले, "आईंच्या शाली, ढाली सगळं माळ्यावर आहे. हा डबा मात्र तिने शेवटपर्यंत हाताशी ठेवला."

त्यांच्या ओट्याशी उभी राहून मी तेव्हा रडले. चहा उतू गेला.

काकू, चुकले मी.

मित्रमैत्रिणींनो, काकूंच्या आईचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी कमेंटमध्ये लिहू नका, हात जोडते. श्रद्धांजली वाहायची तर फक्त सुनीताकाकूंना वाहा.

पंधरा जणांनी वाहिली तरी पुरे.