गाव बघितलंय का?

“गाव बघितलंय का?”

चाकणच्या आमच्या कंपनीत स्टोअरच्या खिडकीशी हातमोजे मागायला गेलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न आधी झेलावा लागे. तात्या रजिस्टरात आडनाव लिहीत, पेन तिथंच थांबवत आणि चष्म्यावरून बघत. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असला की मग संपलंच. काळेवाडीत वाढलेला एक नवा इंजिनिअर “नाही बघितलं” म्हणाला, तेव्हा त्याला हातमोजे मिळाले, पण “मग त्याचं नाव लावता कशाला राव?” हेही ऐकावं लागलं.

असा एखादा खडूस तुम्हीही पाहिला असेल. आमच्या तात्यांच्या खडूसपणाला कारण होतं. त्यांचं आडनाव ज्या गावावरून पडलं, ते गाव धरणात गेलं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा उघडा पडे. तात्या रजा टाकून जात आणि दिवसभर त्यावर बसून येत. मला दरवर्षी विचारत, “येताय का?” मी दरवर्षी म्हणे, “पुढच्या वर्षी नक्की.” त्यांच्या मुलाची तर शिफ्टच सुटत नसे. “माझ्यामागं नाव तेवढं ऱ्हाईल, गाव कुनाला ठावं नसंल,” असं ते एकदाच बोलले. मी चहा मागवला आणि विषय बदलला.

मग मशीन बसवायला इंग्लंडहून ॲश्टन साहेब आले. तात्यांनी मला दुभाष्या करून त्यांनाही गाव विचारलंच. साहेब हसले. म्हणाले, ॲश्टन हे गावाचंच नाव. ॲश नावाच्या झाडांची वाडी. पूर्वज केव्हाच शहरात गेले, त्यांनी स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं.

“म्हंजी आमची आंबेवाडी व्हय!” तात्या खूश झाले. मग पेन खाली ठेवून म्हणाले, “सायबाला सांगा, तुमचं गाव अजून कोरडं हाय. जाऊन या.”

मी सांगितलं. साहेबांनी तात्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.

त्या हिवाळ्यात तात्या हार्ट अटॅकनं गेले. महिनाभरानं साहेबांचा मेल आला, सोबत एक फोटो. गावाच्या पाटीला टेकून ते उभे होते, पाटीवर त्यांचंच आडनाव. ‘स्टोअरमधल्या गृहस्थांना दाखवा,’ असं खाली लिहिलं होतं. मला रडू आवरेना.

फोटो घेऊन मी तात्यांच्या घरी गेलो. मुलानं तो मोठा करकरून पाहिला.

“काका, यंदा पाणी उतरलं की मला घेऊन चला. तुम्हाला जागा माहितीये. दरवर्षी तुम्हीच असायचात ना त्यांच्यासोबत? तात्या घरी तसंच सांगायचे.”

“यंदा नक्की,” मी म्हणालो आणि तिथली वाट कुणाला विचारायची ते आठवू लागलो.