पडवीतले बेडूकमासे

मधूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू नाही, राग आला. आदल्याच रविवारी धडधाकट होता, आणि असा न सांगता… पण त्याचं सगळंच तसं.

सत्तरच्या दशकात आमच्या भाईंदरच्या कोळीवाड्यातला हा थोरला भाऊ प्राणिशास्त्रात संशोधन करायला लागला. पावसात होड्या ओढून ठेवल्या की आमच्या पडवीला काम नसायचं. तिथे घमेल्यांत त्यानं बेडूकमासे पाळले. पाण्यात थायरॉइडचं संप्रेरक थेंबथेंब सोडायचा. मला समजवायचा, "यकृत तेच, पेशीही त्याच. पण हा हुकूम पोचला की आजवर गप्प बसलेली जनुकं कामाला लागतात. बेडूक जमिनीवर यायच्या आधी त्याचं यकृत तयार असतं." ती यकृतं नेमक्या वेळी काढून प्रयोगशाळेत न्यायची होती. वेळ हुकली की अख्खा पावसाळा पाण्यात.

शेपट्या आखडायला लागल्या, म्हणजे ती वेळ आली, आणि दादा यकृतांसाठी बर्फ आणायला गेला. आईला वाटलं, पोराची मासळी कुजतेय. कुजायला लागलेल्या मासळीला आमच्यात दुसरं काय करतात? तिनं घमेल्याघमेल्यांत मूठमूठ मीठ टाकलं, वर झाकण ठेवलं आणि पोराची मेहनत वाचवली म्हणून खुशीत बसली.

दादानं झाकण उचललं. सगळे पांढरेफटक, उलटे. त्यानं घमेली भिंतीवर आपटली. आई अडवायला गेली तर तिच्या तोंडावर हात टाकला. ओठ फाटला, दात पडला. बाबांनी वल्हं उचललं नि त्याला असा झोडपला की पाठ सोलून निघाली. मी मध्ये पडले नसते तर मेलाच असता. मला तर त्या दोघांचाही जीव घ्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आई दिसेना. दुपारी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून, सुजलेल्या तोंडानं, वरसाव्याच्या शेतांतून टोपभर बेडूकमासे घेऊन.

"घे," म्हणाली. "ह्यांना मीठ न्हाय लावलंय."

त्यांच्यावरच दादाचा प्रयोग पुरा झाला, नाव झालं. यकृताविषयी तो तासभर बोलायचा. त्या दिवसाविषयी अवाक्षर नाही. पण तेव्हापासून घरात कुणाचा आवाज चढला की तो खुर्चीत आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा, हातांना मुंग्या येईपर्यंत. वहिनीला वाटायचं, माणूस थंड आहे, ह्याला कशाचंच काही नाही.

परवा शांती नगरला त्याच्या घरी गेले. वहिनीनं ती खुर्ची भंगारवाल्यासाठी दाराबाहेर काढली होती. रेक्झिनला दोन्ही कडांना खड्डे पडलेत. ते कशाचे, हे मी तिला तिथेच जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. वहिनी खुर्ची ओढत परत आत घेऊन गेली.