दादांची टकटक

आमच्या टेबलावर पैसे कधी साठले नाहीत. साठले ते किस्से! ठाणे-कल्याण-डोंबिवलीत स्वस्तातलं पोकर शोधत फिरणारी चार माणसं, म्हणजे आधीच सगळा आनंद. कोणी भेटलं की म्हणतं, "नीता, तो पारायणाचा सांग ना." मग एकातून दुसरा निघतो. हल्ली मात्र शेवटच्यापाशी आले की मी विषय बदलते आणि चहा मागवते. आज बदलत नाही.

माझं ठाण्याला नौपाड्यात चष्म्याचं दुकान, राहायला डोंबिवलीत. पोकर मी मोबाइलवर शिकले. पण मोबाइलवर समोरच्याचं तोंड दिसत नाही, आणि माझा जन्म लोकांच्या तोंडाकडे बघण्यात गेलाय. म्हणून खरं टेबल हवं होतं. तेही असं, की सगळं हरलं तरी एका सिनेमाच्या तिकिटाएवढंच जावं.

* * *

कल्याणला एक रमी क्लब आहे असं कळलं. दुपारची गेलेले. जिना चढून दार ढकललं तर आत एकदम सामसूम! सगळे पुरुष माझ्याकडे बघतायत. एकाने हातातले पत्ते खिशात घातले. दोघं मागच्या दाराने सटकले. मॅनेजर हात जोडत पुढे आला, "वहिनी, तुमचे मिस्टर आज आलेच नाहीत. आईशप्पथ!"

"अहो, मला मिस्टरच नाहीत. पोकर चालतं का विचारायला आलेय."

तो आणखीच पांढरा पडला. "मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या डिपार्टमेंटच्या?"

खाली उतरले तर मागून एक माणूस धावत आला. मागच्या दाराने सटकलेल्यांपैकीच एक. "जय भीम मॅडम, मी गायकवाड. डोंबिवली एमआयडीसीत सुपरवायझर आहे. तुम्ही आत पोकर म्हणालात ना? मी पण तेच शोधत आलेलो."

"मग पळालात कशाला?"

"सगळे पळत होते म्हणून."

* * *

गायकवाडच्या ओळखीने डोंबिवलीत एका मित्राचा रिकामा फ्लॅट मिळाला. तिथे पेंडसे काका आले. नौपाड्याचे, रिटायर्ड, तोंडात शुद्ध मराठी. शेजाऱ्यांना संशय नको म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर मित्राला लिहायला सांगायचो, "रविवारी तीन वाजता पारायण."

तिसऱ्या रविवारी बेल वाजली. दारात शेजारच्या आजी. हातात नारळ! "पारायण आहे म्हणे? बसू का मी?"

गायकवाडने पत्त्यांवर सतरंजी ओढली. आजी बरोबर त्याच सतरंजीवर बसल्या. आता वाचायचं काय? पेंडसे काकांनी डोळे मिटले आणि पाठ असलेली रामरक्षा सुरू केली. संपली की पुन्हा पहिल्यापासून. गायकवाड कधी अशा कार्यक्रमात बसलेला नाही, पण सगळ्यांत भाविक चेहरा त्याचाच होता.

आजी इतक्या खूश झाल्या की पुढच्या रविवारी सात बायका घेऊन आल्या. त्यानंतर आम्हाला जागाच उरली नाही. त्या फ्लॅटमध्ये अजूनही दर रविवारी पारायण होतं. खरंखुरं!

* * *

मग सापडले बाळकुमचे भोईर दादा. माझ्या दुकानात चष्मा न्यायला आलेले. आजूबाजूला सगळे टॉवर आणि मधे दादांचं एकमजली घर. खालची खोली त्यांनी आम्हाला उघडून दिली. पैशांऐवजी मांडायचे चिप्स नव्हते, तर वैनीने चिंचोके आणून ओतले. वैनी म्हणजे दादांची बायको. पत्त्यातलं तिला काही कळत नाही, पण कोण हरतंय ते बघून त्याला आधी चहा द्यायची.

आणि दादांचा आवाज! बाळकुममध्ये कुठल्याही हळदीला माइक बंद पडला की दादांना बोलवायचे. पहिल्या दिवशी मी दारात उभी, तर आतून गर्जना, "इकरं ये गो बाय, लाजतेस काय? हरायलाच आलीस ना?"

एकदा बाजूच्या टॉवरचा वॉचमन आला. "दादा, वरचे लोक म्हणतात आवाज कमी करा."

दादा म्हणाले, "त्यांना सांग, जमीन बापाची होती ती इकली. आवाज पन बापाचाच हाय, तो नाय इकला!"

वरच्या बाल्कन्यांमध्ये ते ऐकू गेलंच. निरोप द्यायची गरज पडली नाही.

* * *

पेंडसे काकांना इंग्रजी शब्द चालेनात. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं उलटी मिळतात. पटत नसतील तर न दाखवता मधे ढकलून डाव सोडायचा, ते फोल्ड. काका म्हणायचे "त्याग." सगळे चिंचोके लावले की ऑल-इन. काका उभं राहून म्हणायचे "सर्वस्व!" एवढ्याशा चिंचोक्यांना सर्वस्व म्हटलेलं ऐकून वैनी आतून पदराने तोंड झाकत हसायची.

अडलं ते 'चेक'वर. कोणी काही लावलेलं नसेल तर आपणही काही न लावता, डाव न सोडता, नुसतं पुढे जाऊ द्यायचं. काकांनी सुचवलं, "स्वस्थ."

दादा म्हणाले, "मी काय आजारी हाय?" आणि बोटांनी टेबलावर दोनदा ठोकलं. टकटक. "ह्याच्यात समजून घ्या."

तेच कायम झालं. फक्त गायकवाड नियमाला पक्का. समोरच्याने लावलेलं असताना दादांनी टकटक केली की तो बोट वर करायचा. "दादा, समोरून लागलंय. आता चेक नाही चालत. खेळा, नाहीतर सोडा."

* * *

एका रविवारी गायकवाड आला तो गप्प. त्या आठवड्यात त्याच्या कंपनीने टाळं लावलेलं. त्या दिवशी बिचाऱ्याने मोठा डाव लावला. समोर दादा. दादांनी नेहमीसारखी दोन पानांवर तळहाताची ओंजळ धरली, अंगठ्याने कोपरा उचलून पाहिलं, पानं एकावर एक ठेवली आणि दोन बोटांनी उलटीच मधे सरकवली. गायकवाड जिंकला. आठवड्यात पहिल्यांदा हसला तो!

पत्ते गोळा करताना मी हळूच दादांची पानं उलटली. दोन्ही राजे! गायकवाडच्या पानांत त्यांच्या पासंगालाही पुरेल असं काही नव्हतं.

दादांनी माझ्या हातावर हात ठेवला. "सोडलेली पानं बघाची नाय, बाय. सोडली म्हंजे सोडली."

गायकवाडला हे अजून माहीत नाही.

* * *

मग दादांचा आवाज बसायला लागला. गायकवाडने त्यातून सिद्धांत काढला. "मॅडम, नीट ऐका. हातात काही नसलं की दादांचा घसा बसतो. तेव्हा ब्लफ असतो, नुसती थाप!" आम्ही त्यावर खेळायला लागलो आणि जिंकायलाही लागलो. दादा खरखरत म्हणायचे, "साल्यांनो, तुमाला समजतं कसं?" आम्ही एकमेकांना डोळे मारायचो.

नंतर त्यांचा आवाज चांगल्या पानांवरही बसायला लागला. त्या दिवशी गायकवाड हरला आणि चिडून म्हणाला, "दादा, हे चीटिंग आहे!"

दादा हसायला गेले आणि खोकले. रुमाल तोंडावर धरला. रुमालावर रक्त होतं.

गायकवाड पानं टाकून पाणी आणायला धावला.

* * *

गाठ स्वरयंत्रावर होती. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर करा. आणि तोपर्यंत अजिबात बोलायचं नाही. बोलायचं नाही म्हणजे दादांना!

रविवारी आम्ही जायचो. पत्ते वाटायचो, खेळात लक्ष कोणाचंच नसायचं. वैनी चहा घेऊन आली की विचारायची, "काय ठरवलास? ऑपरेशन कराचा ना?" दादा तिच्याकडे बघायचे आणि टेबलावर दोनदा ठोकायचे. टकटक. आम्ही तिघंही पत्त्यात तोंड घालायचो.

एका सकाळी दुकानात वैनीचा फोन. आवाज फुललेला. "बाय, तो हो बोलला गो! मी विचारला, त्यानं दोनदा ठोकलान. रोजच हो बोलतो बिचारा. मीच खुळी, येवढे दिवस थांबले. आज डॉक्टरकडं जातो तारीख घ्याला. तुमी पन या."

मी "येते" एवढंच म्हणाले. गायकवाडला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, वैनींना कोण सांगणार? तुम्ही सांगा."

"तू सांग. नियम तुझे."

काकांनी तर फोनच उचलला नाही. पण क्लिनिकवर आमच्या आधी येऊन बसलेले.

* * *

क्लिनिक नौपाड्यातच, माझ्या दुकानामागे. डॉक्टर तरुण, भला माणूस. दादांना समोर बसवलं, शेजारी वैनी. आम्ही तिघं भिंतीला उभे. वैनीने नवी साडी नेसलेली.

डॉक्टरांनी स्कॅनच्या दोन फिल्म टेबलावर दादांपुढे ठेवल्या. "ऑपरेशन केलं तर वाचण्याचा चान्स चांगला आहे. पण स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. आवाज जाईल, दादा. नाही केलं, तर मात्र फार दिवस देता येणार नाहीत. काय करायचं?"

दादांनी टेबलावर ठोकलं. टकटक.

"बघा!" वैनी आमच्याकडे वळून हसली. "बोलला ना हो?"

डॉक्टरांनी पेन उचललं. तेवढ्यात गायकवाड पुढे झाला. "दादा... समोरून लागलंय. आता चेक नाही चालत."

दादा त्याच्याकडे बघत राहिले. मग वैनीकडे. तिच्या नव्या साडीकडे. मग त्या दोन फिल्म त्यांनी जवळ ओढल्या. वर तळहाताची ओंजळ धरली. अंगठ्याने एक कोपरा उचलला, बघितलं. दोन्ही फिल्म एकावर एक ठेवल्या, उलट्या केल्या, आणि दोन बोटांनी टेबलाच्या मधोमध सरकवल्या.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे?"

गायकवाडचा हात त्या फिल्मकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं.

"आता काय बोलला तो?" वैनीने मला विचारलं. मग गायकवाडला. मग काकांना. पेंडसे काकांकडे प्रत्येक गोष्टीला मराठी शब्द असतो. ते जमिनीकडे बघत होते.

"सांगा ना गो," वैनी म्हणाली. "ह्ये पन 'हो'च ना?"